हाइव्हवर नवा माणूस येतो तेव्हा

‘पासवर्ड विसरलात?’ ही ओळ आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की ती नसेल तर काय होईल याचा विचार आपण कधी करत नाही. फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर, बँकेच्या ॲपवर ती असते, कारण मागे एक कंपनी असते आणि आपल्या खात्याचा खरा ताबा त्या कंपनीकडे असतो. हाइव्ह या ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर ठेवलेल्या सामायिक नोंदवहीवर, चालणाऱ्या समाजमाध्यमावर तसं काही नाही. तिथे मालक कंपनी नाही, मुख्यालय नाही, तक्रार घेऊन जायला ग्राहक सेवा केंद्र नाही. खात्याच्या किल्ल्या हरवल्या तर नव्या काढून देणारं कुणी नाही.

त्यामुळे अशा ठिकाणी नवख्याचं स्वागत ही नुसती शिष्टाचाराची बाब राहत नाही. इतर माध्यमांवर जे काम पगारी माणसं करतात, म्हणजे खातं उघडून देणं, नियम समजावणं, अडलेल्याला वाट दाखवणं, फसवणाऱ्यांपासून सावध करणं, ते इथे आधीपासून असलेल्या लोकांनाच करावं लागतं. त्यांनी केलं नाही, तर ते होतच नाही. नवा माणूस चार दिवस इकडेतिकडे बघतो, काही कळत नाही, आणि निघून जातो. तो का गेला हे विचारायलाही कुणी नसतं. ज्यांना हाइव्हवर यायचं आहे आणि जे एखाद्या मित्राला, बहिणीला तिथे घेऊन येणार आहेत, अशा दोघांनाही उपयोगी पडेल या हेतूने हे लिहीत आहे.

आधी हाइव्ह म्हणजे काय ते पाहू. मार्च २०१६ मध्ये नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर यांनी स्टीम नावाची ब्लॉकचेन सुरू केली. लेख लिहा, लोकांना आवडला तर क्रिप्टो चलनात मोबदला मिळवा, अशी ती कल्पना. स्टीमिट हे तिचं पहिलं संकेतस्थळ. ४ जुलै २०१६ ला पहिले मोबदले लोकांच्या खात्यात जमा झाले आणि गर्दी सुरू झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनच्या जस्टिन सन यांनी स्टीमिट कंपनी विकत घेतली. कंपनीकडे अगदी सुरुवातीपासून चलनाचा मोठा साठा होता आणि या साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, साठा म्हणजे मताधिकार. त्या मतांच्या जोरावर सगळी साखळीच एका हातात जाईल या भीतीने साखळी चालवणाऱ्यांनी तो साठा गोठवला. उलट बाजूने क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या काही मोठ्या एक्स्चेंजांकडच्या ग्राहकांच्या ठेवी मतदानात उतरल्या आणि साखळी चालवणारेच बदलले गेले. अखेर २० मार्च २०२० रोजी जुन्यांपैकी बऱ्याच जणांनी सगळ्या नोंदींची प्रत घेऊन वेगळी चूल मांडली. तेच हाइव्ह. २०१६ चे लेख आज हाइव्हवर दिसतात ते यामुळे.

हा इतिहास नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायची गरज नाही. पण इथले लोक ‘मालक कुणी नाही’ या गोष्टीला इतके का जपतात, हे त्याशिवाय समजत नाही.

तांत्रिक भाग थोडक्यात असा. ब्लॉकचेन ही अनेक स्वतंत्र संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली सामायिक नोंदवही आहे. हाइव्हवर दर ३ सेकंदांनी नव्या नोंदींचा एक गठ्ठा तिच्यात जोडला जातो. कुणी लेख लिहिला, कुणी पसंती दिली, कुणी पैसे पाठवले, सगळं त्या गठ्ठ्यात येतं. हे काम करणाऱ्यांना विटनेस म्हणतात. सर्वाधिक मतं मिळालेले २० विटनेस आणि त्यांच्या जोडीला राखीव यादीतला १, अशा २१ जणांची फेरी सतत फिरत असते. पीकडी, इसेन्सी, हाइव्ह डॉट ब्लॉग ही सगळी याच नोंदवहीतलं लिखाण दाखवणारी वेगवेगळी संकेतस्थळं आणि ॲप. खातं एकच, ते सगळीकडे चालतं. ‘मूळ हाइव्हचं ॲप कोणतं?’ हा नवख्याचा पहिला प्रश्न असतो, आणि तसं मूळ ॲप कोणतंच नाही, हे उत्तर पचायला त्याला वेळ लागतो. अशा वेळी पाच ॲपची नावं समोर टाकू नयेत. आपण जे वापरतो ते एक दाखवावं. बाकीची त्याला हळूहळू सापडतातच.

आता ज्या एका गोष्टीमुळे नवखे सर्वाधिक गोंधळतात आणि दुखावतात तिच्याकडे येऊ. आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्यात दहा एकरांचा ऊस घालणारा आणि एका एकराचा घालणारा, दोघांचं मत एकच. हाइव्हवर तसं नाही. इथे प्रत्येकाच्या मताचं वजन त्याने साखळीत गुंतवून ठेवलेल्या चलनावर ठरतं. या गुंतवलेल्या भागाला हाइव्ह पॉवर म्हणतात. ती परत काढायची तर एकदम मिळत नाही, १३ आठवड्यांत समान हप्त्यांनी मिळते. ज्याच्याकडे लाखो हाइव्ह पॉवर आहे त्याने एका लेखाला पसंती दिली तर मोबदल्याचा आकडा लगेच वर सरकलेला दिसतो. नव्या माणसाने तीच पसंती दिली तर आकडा जागचा हलत नाही. त्याला वाटतं, बटण बिघडलंय. बटण ठीक असतं, वजन नसतं.

हे त्याला कुणीतरी आपणहून सांगायला हवं. स्वतः शोधून काढलं तर ते अपमानासारखं लागतं, आणि कुणी आधीच समजावून सांगितलं तर तो फक्त एक नियम राहतो. दोन्हींत फार फरक आहे.

किल्ल्यांचं प्रकरण

हाइव्हवर खातं उघडताना आधी नाव ठरवायचं. ३ ते १६ अक्षरांचं, लहान रोमन अक्षरं आणि आकडे, मध्ये टिंब किंवा आडवी रेघ चालते. देवनागरी चालत नाही. एकदा घेतलेलं नाव बदलता येत नाही, म्हणून टोपणनाव गमतीत घेऊन टाकू नका असं सोबतच्याने जरूर सुचवावं. पाच वर्षांनी त्याच नावाने गंभीर लेख लिहायचा झाला तर नाव आड येतं.

मग येतात किल्ल्या. एकाच पासवर्डऐवजी इथे चार वेगवेगळ्या खासगी किल्ल्या असतात आणि प्रत्येकीचं काम ठरलेलं असतं. पोस्टिंग किल्लीने लिहिता येतं, प्रतिक्रिया देता येते, पसंती देता येते, पण पैशाला हात लावता येत नाही. ॲक्टिव्ह किल्लीने पैसे पाठवता येतात. मेमो किल्ली गुप्त निरोप वाचण्यापुरती. ओनर किल्ली सर्वांत वरची, तिने बाकी सगळ्या किल्ल्या बदलता येतात. या चारही ज्यातून तयार होतात तो मास्टर पासवर्ड वेगळाच. रोजच्या वापरासाठी पोस्टिंग किल्ली पुरते. ती चोरीला गेली तर कुणी तुमच्या नावाने भलतंसलतं लिहील, पण तिने तुमचे पैसे काढता येत नाहीत. ओनर किल्ली किंवा मास्टर पासवर्ड गेला तर खातंच गेलं.

नव्या माणसाच्या पडद्यावर हे सगळं एकदम येतं. लांबलचक, अर्थहीन अक्षरांच्या ओळी, ‘जपून ठेवा’ असा इशारा, आणि खाली पुढे जा असं बटण. बहुतेक जण बटण दाबतात. म्हणून माझं ठाम मत आहे, की हाइव्हवर कुणाला आणायचं असेल तर निव्वळ लिंक पाठवून मोकळं होऊ नये. शेजारी बसावं, किंवा निदान व्हिडिओ कॉलवर सोबत असावं. किल्ल्यांची फाईल उतरवून घ्यायला लावावी, तिची एक प्रत कागदावर छापून घरात कागदपत्रांसोबत ठेवायला सांगावी, आणि स्वतः त्या किल्ल्या पाहू नयेत. नवरा-बायको असोत की जिवलग मित्र, पडद्याकडे पाठ करावी. ‘मी पाहत नाहीये, कारण कुणालाच दाखवायच्या नसतात’ असं म्हणत पाठ फिरवली, तर तो धडा शंभर इशाऱ्यांपेक्षा पक्का बसतो.

पुढची पायरी हाइव्ह कीचेनची. हे ब्राउझरला जोडायचं आणि मोबाइलवरही मिळणारं छोटं साधन आहे. किल्ल्या त्याच्यात कुलूपबंद राहतात आणि संकेतस्थळांना प्रत्यक्ष किल्ली कधी द्यावी लागत नाही. ते बसवून दिलं की निम्मी काळजी मिटते. उरलेली निम्मी फसव्या लिंकांची. लेखाखाली ‘तुम्हाला बक्षीस लागलं आहे, इथे लॉगिन करा’ अशा प्रतिक्रिया येतात, त्या लिंकवर खऱ्यासारखं दिसणारं पान उघडतं आणि किल्ली मागितली जाते. नवा माणूस याला सहज बळी पडतो, कारण त्याला इथलं काहीच ओळखीचं नसतं. त्यामुळे काय खोटं आणि काय खरं, दोन्ही त्याला सारखंच विचित्र दिसतं. आणखी एक सावधगिरी पैसे पाठवतानाची. सोबत टीप लिहायला मेमोचा रकाना असतो, तो मुळात सर्वांना दिसतो. तिथे किल्ली चिकटवली तर ती जगाला वाटल्यासारखीच. आता अनेक ॲप असं होण्याआधी अडवतात, पण भरवसा सवयीवर ठेवावा.

एवढं करूनही किल्ली चोरीला गेलीच, तर एक आशा असते. प्रत्येक खात्याला एक रिकव्हरी खातं नेमलेलं असतं, बहुधा ज्या खात्याने ते उघडून दिलं तेच. चोराने ओनर किल्ली बदलली, तरी त्यानंतर ३० दिवसांच्या आत मूळ मालक जुनी ओनर किल्ली दाखवून आणि रिकव्हरी खात्याच्या मदतीने ताबा परत मिळवू शकतो. दोघांचीही संमती लागते, एकट्या रिकव्हरी खात्याला काही करता येत नाही. म्हणजे तुम्ही मित्राचं खातं उघडून दिलंत तर तुम्ही त्याचे जबाबदार झालात. तो अडचणीत आला आणि तुम्ही सहा महिने हाइव्हकडे फिरकला नव्हतात, तर ३० दिवस निघून जातील. ज्यांना ही जबाबदारी नको असेल त्यांनी मित्राला रिकव्हरी खातं बदलून घ्यायला सांगावं. त्या बदलालाही ३० दिवस लागतात, म्हणून ते काम आधीच करावं.

बोलता येईना

किल्ल्यांची पायरी ओलांडली, पहिला लेख टाकला, चार प्रतिक्रिया आल्या, त्यांना उत्तरं लिहायला बसलं, आणि मध्येच ‘रिसोर्स क्रेडिट्स पुरेसे नाहीत’ असा संदेश. नवख्याला वाटतं, आपल्याला बंदी घातली.

यामागचं कारण साधं आहे. नोंदवहीत लिहिण्याचे पैसे इथे लागत नाहीत, पण मग कुणीही हजारो निरर्थक नोंदी टाकून ती तुंबवू शकेल. म्हणून प्रत्येक खात्याला त्याच्या हाइव्ह पॉवरच्या प्रमाणात वापराची मर्यादा दिलेली आहे, तेच हे रिसोर्स क्रेडिट्स. ती वापरली की कमी होते आणि हळूहळू भरते, पूर्ण रिकामी झाली तर पुन्हा पूर्ण भरायला ५ दिवस लागतात. ही पद्धत सप्टेंबर २०१८ मध्ये स्टीमवर आली, तेव्हा सुरुवातीचे आकडे इतके कडक निघाले की छोट्या खात्यांना काही दिवस साधी प्रतिक्रियाही लिहिता येईना. घाईने दुरुस्ती करावी लागली. आज परिस्थिती पुष्कळ बरी आहे, पण अगदी नव्या खात्याला पहिल्या आठवड्यात कोरडं पडायला होतं. आणि नेमक्या त्याच आठवड्यात त्याला सर्वाधिक बोलायचं असतं.

यावर उपाय जुन्यांच्या हातात आहे. आपली हाइव्ह पॉवर दुसऱ्याला तात्पुरती वापरायला देता येते, त्याला डेलिगेशन म्हणतात. मालकी आपलीच राहते, हवी तेव्हा परत घेता येते. २०२२ पासून नुसते रिसोर्स क्रेडिट्सही वापरायला देता येतात, म्हणजे मताचं वजन स्वतःकडे ठेवून फक्त बोलण्याची सोय दुसऱ्याला करून देता येते. ज्याच्याकडे बऱ्यापैकी पॉवर आहे त्याला पाच-दहा नव्या खात्यांना असं पुरवणं जाणवतसुद्धा नाही. समोरच्याला मात्र त्याने थेट बोलता यायला लागतं. नव्या माणसाला द्यायच्या सगळ्या मदतींत मला ही सर्वांत मोलाची वाटते, आणि ती सर्वांत कमी दिली जाते, कारण ती कुणाला दिसत नाही.

पैशाबद्दल खरं बोलावं

हाइव्हवर माणसं आणताना ‘लिहा आणि कमवा’ असं सांगायचा मोह होतो. तो आवरावा.

मोबदल्याचा हिशेब असा चालतो. लेख टाकल्यापासून ७ दिवस पसंती जमा होत राहते. सातव्या दिवशी जी रक्कम होते तिच्यातला निम्मा भाग लेखकाला, निम्मा पसंती देणाऱ्यांना, त्यांच्या वजनानुसार. लेखकाच्या वाट्यातला अर्धा भाग हाइव्ह पॉवरच्या रूपात आणि अर्धा एचबीडी या चलनात येतो. एचबीडीची किंमत एका अमेरिकन डॉलरच्या आसपास राहावी अशी त्याची रचना आहे. एखाद्या लेखाची एकूण रक्कम ०.०२ डॉलरच्या खाली राहिली तर काहीच दिलं जात नाही. नव्या माणसाच्या कितीतरी लेखांचं आणि प्रतिक्रियांचं असंच होतं. चांगलं लिहिलेलं, मनापासून लिहिलेलं, सात दिवसांनी शून्यावर.

हे आधी सांगितलेलं नसेल तर माणूस स्वतःच्या लेखणीला दोष देतो. किंवा मग शेजारच्या लेखाला पन्नास डॉलर का मिळाले याचा हिशेब करत बसतो आणि कडवट होतो. स्टीमच्या काळात, विशेषतः २०१७-१८ मध्ये, याचा धंदाच झाला होता. पैसे देऊन मोठ्या खात्यांची पसंती विकत घ्यायची, लेख वर चढवायचा आणि फायदा काढायचा. ज्यांच्याकडे पैसे नव्हते ते नवखे तळाला राहिले. ऑगस्ट २०१९ मध्ये नियम बदलले. पसंती देणाऱ्यांचा वाटा एक चतुर्थांशावरून निम्मा झाला, म्हणजे मत विकण्यापेक्षा चांगलं वाचून मत देणं परवडू लागलं. शिवाय डाउनवोट, म्हणजे नापसंती, देण्यासाठी वेगळी, फुकट क्षमता मिळाली. त्यानंतर तो धंदा बहुतांश बसला. मला यातून एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. नव्या लेखकाला न्याय मिळतो की नाही हे मोठ्या प्रमाणात नियमांच्या रचनेवर ठरतं आणि ती रचना लोकांना, त्यांनी निवडलेल्या विटनेसमार्फत, बदलता येते. विटनेस निवडताना प्रत्येक खात्याला ३० जणांना मत देता येतं. ते मत देताना नवख्यांचा विचार करणारे विटनेस कोण, हेही पाहावं.

नव्याला पैशाबद्दल काय सांगावं? माझं उत्तर: पहिले तीन महिने मोबदल्याच्या आकड्याकडे पाहू नकोस, प्रतिक्रियांकडे पाहा. इथे माणूस ओळखला जातो तो दुसऱ्यांच्या लेखांखाली लिहिलेल्या प्रतिक्रियांमुळे. पाच लेख टाकून पन्नास ठिकाणी ‘छान लिहिलंय, माझाही लेख वाचा’ असं चिकटवत सुटणाऱ्याला लोक टाळतात. एका लेखाखाली आपल्या अनुभवातलं चार ओळींचं नेमकं काही लिहिणाऱ्याच्या खात्यावर मात्र लोक आपणहून जाऊन पाहतात. प्रतिक्रियांनाही मोबदला मिळू शकतो, आणि नव्या माणसाची पहिली कमाई अनेकदा तिथूनच होते.

भारतात राहणाऱ्यांना कराचीही कल्पना द्यावी. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टो विकून झालेल्या नफ्यावर ३० टक्के कर लागतो, वर उपकर वेगळा. एका चलनातला तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेपुढच्या व्यवहारांवर १ टक्का टीडीएसही कापला जातो. रक्कम छोटी असली तरी कधी काय मिळालं याची नोंद पहिल्यापासून ठेवावी आणि विकण्याआधी सीएशी बोलावं.

लाल बाण

एक दिवस लेखावर डाउनवोट पडतो. जमत आलेली रक्कम एकदम खाली येते. कुणी काही बोलत नाही, कारण सांगत नाही. नवखा हादरतो.

डाउनवोट इथे अनेक कारणांनी पडतो. चोरलेलं लिखाण, परवानगीशिवाय वापरलेले फोटो, यंत्राकडून लिहून घेतलेले लेख, एकच लेख पुन्हा पुन्हा टाकणं, या कारणांनी पडलेला डाउनवोट समजण्यासारखा आहे. मोबदला सगळ्यांच्या सामायिक साठ्यातून येतो, तो कुणी लुबाडू नये म्हणून नजर ठेवणारे लोक आहेत. पण एखाद्याला फक्त रक्कम जास्त वाटली म्हणूनही डाउनवोट पडतो, आणि काही वेळा निव्वळ भांडणातून. नव्या माणसाला यातला फरक कळायला मार्ग नसतो.

इथे जुन्यांनी दोन वाक्यं लिहायची तसदी घ्यावी. ‘हा फोटो कुठून घेतला ते लिहा, पुढच्या वेळी अडचण येणार नाही’ एवढं सांगितलं तरी माणूस टिकतो. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर आलेलं पुढे पाठवण्याची सवय इतकी मुरलेली आहे, की गूगलवरून फोटो घेणं ही चूक आहे हेच अनेकांना माहीत नसतं. त्यात लबाडी नसते. इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद स्वतःच्या नावाने टाकणारेही बऱ्याचदा तो आपला कष्टाचा भाग समजत असतात. मूळ लेखकाचं नाव आणि परवानगी लागते, हे त्यांना आधीच सांगितलं तर पुढचा सगळा मनस्ताप टळतो.

आणि एक गोष्ट त्याहून गंभीर, जी मी प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या लेखाच्या आधी सांगतो. इथे लिहिलेलं पुसता येत नाही. लेख संपादित करता येतो, पडद्यावर नवं रूप दिसतं, पण जुनं रूप नोंदवहीत तसंच राहतं. समूहाचे संचालक एखादा लेख झाकू शकतात, काढून टाकू शकत नाहीत. ओळख करून देणाऱ्या पहिल्या लेखात माणसं भरभरून लिहितात: गाव, मुलांची नावं, शाळा, घराचा फोटो. उत्साहात लिहिलेलं ते कायमचं राहतं. ओळख पटवायला पूर्वी हातात खात्याचं नाव लिहिलेला कागद धरून फोटो टाकायची पद्धत होती. चेहरा दाखवायचा नसेल तर आपल्या दुसऱ्या माध्यमावरच्या जुन्या खात्यावरून हाइव्हच्या खात्याची लिंक द्यावी, तेवढ्याने काम भागतं. विशेषतः मुलींना आणि महिलांना हे स्पष्ट सांगायला हवं, की चेहरा दाखवणं बंधनकारक नाही.

आपल्या भाषेत

हाइव्हवर व्हेनेझुएलाचे लोक मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या देशात चलनाची किंमत कोसळली त्या वर्षांत बाहेरून मिळणारे थोडे डॉलरही घराला आधार देत होते. त्यांनी एकमेकांना आणलं, शिकवलं, स्पॅनिशमध्ये समूह उभे केले, आणि अनेक जण लेखाचा स्पॅनिश मजकूर देऊन खाली इंग्रजी अनुवादही देतात. स्पॅनिश वाचकाला आपली भाषा मिळते आणि बाकीच्यांना दार बंद होत नाही. मराठीत लिहिणाऱ्यांनी हे उचलण्यासारखं आहे.

मराठीत लिहिलेल्या लेखाची अडचण उघड आहे. ज्यांच्याकडे मोठं वजन आहे त्यांतल्या बहुतेकांना तो वाचता येत नाही, आणि न वाचता पसंती देणं त्यांना जबाबदार वाटत नाही. म्हणजे मराठी नवख्याचा खरा वाचक मराठी माणूसच. त्याने वाचून मराठीत सविस्तर प्रतिक्रिया दिली, तर त्या लेखाखाली चर्चा चालू आहे हे इतरांनाही दिसतं, आणि चांगले लेख निवडून पसंती देणाऱ्या समूहांना कुणीतरी ‘हा लेख चांगला आहे, विषय असा आहे’ असं सांगू शकतं. अनेक समूह डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर अशा शिफारशी घेतात. भाषेचा दुभाषी होणं ही इथे केलेली सर्वांत उपयोगी मदत ठरू शकते, आणि तिला हाइव्ह पॉवर लागत नाही.

स्वागताच्या बाबतीत माझं एक निरीक्षण आहे. ‘इंट्रोड्यूस युवरसेल्फ’ या टॅगखाली येणाऱ्या पहिल्या लेखावर बऱ्यापैकी गर्दी होते. स्वागत समूह येतात, बिल्ले मिळतात, ‘वेलकम’ लिहिणाऱ्या प्रतिक्रिया रांगेने येतात, पसंतीही बरी मिळते. मग दुसरा लेख येतो. त्याखाली दोन प्रतिक्रिया. तिसऱ्याखाली एकही नाही. पहिल्या दिवशीच्या कौतुकाने वाढलेली अपेक्षा आणि पुढची शांतता, यांतलं अंतर माणसाला घालवतं. चांगल्या लेखकांचीही खाती चौथ्या-पाचव्या लेखापाशी थांबलेली दिसतात.

म्हणून माझी विनंती अशी, की पहिल्या लेखावर ‘वेलकम’ लिहायचं राहिलं तरी चालेल. तिथे दहा जण आहेत. त्या माणसाला फॉलो करावं आणि दोन-तीन आठवड्यांनी त्याच्या खात्यावर जाऊन पाहावं, की तो सध्या काय लिहितोय. शेतीबद्दल लिहीत असेल तर शेतीच्या समूहातल्या एखाद्याशी गाठ घालून द्यावी. फोटो काढत असेल तर कॅमेऱ्याबद्दल विचारावं. दोन आठवडे काहीच लिहिलं नसेल तर त्याच्या शेवटच्या लेखाखाली विचारावं, ‘किल्ल्यांची काही अडचण आली का? क्रेडिट्स संपलेत का?’ अर्ध्या वेळा अडचण तेवढीच असते, आणि ती सोडवायला पाच मिनिटं लागतात.